भिंतीवरची तानाक्का

"मला ठिवतील का गं, राजे?"

आई परसातल्या दगडावर हात घासत बसली होती. हळदीच्या अडतीत हळकुंडं निवडून निवडून तिच्या तळव्यांना जो पिवळा रंग बसला होता, तो साबणानं जात नव्हता की राखेनं जात नव्हता. तरी रोज संध्याकाळी ती घासायचीच. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मला वाटलं, कामाचंच विचारतेय. त्या साली अडतीतल्या बायका कमी करणार अशी हवा होती.

"तुला काढायची कुणाची टाप आहे?" मी म्हणाले.

"अडतीतलं न्हाई गं बये. भिंतीवर. भिंतीवर मला ठिवतील का?"

मी भाकरी थापायची थांबले. माझ्या आईनं, तानुबाई ऐवळेनं, असलं काही कधी कुणाला विचारलं नव्हतं. आणि विचारताना माझ्याकडं बघायचं टाळून ती उगाच नखं घासत होती. मला हसू आलं.

भिंतीचं सांगते. आमच्या गावात जकात नाक्याच्या जुन्या इमारतीत लोकजीवन संग्रहालय आहे. आत नेहमीचंच, मोडकी जाती आणि गंजक्या तलवारी. पण बाहेरची रस्त्याकडची लांबलचक भिंत आम्हा चित्रकला महाविद्यालयाच्या पोरांची. दर साली गावातल्या एका पेठेची नाहीतर वस्तीची पाळी यायची. तिथली माणसं, तिथला धंदा, तिथले सण असं सगळं तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी त्या भिंतीवर रंगवायचं. पुढच्या शिवरात्रीला नवी पोरं आली की जुन्यांनी आपलं चित्र आपल्याच हातानं चुना मारून पुसायचं. ज्यानं काढलं त्यानंच पुसायचं, दुसऱ्यानं ब्रश लावायचा नाही. हा आमच्या नाईकनवरे सरांचा नियम. चित्रकाराला माज येऊ नये म्हणून, असं ते म्हणायचे.

त्यांचा दुसरा नियम असा, की सगळं पुसलं तरी एक माणूस ठेवायचं. त्याला आम्ही 'जुनं माणूस' म्हणायचो. कुणाला ठेवायचं ते नव्या पोरांनी नव्या पाळीच्या पेठेतल्या लोकांना विचारून ठरवायचं. मात्र त्या माणसाची एक रेघ बदलायची नाही. आहे तसं त्याला नव्या चित्रात बसवायचं. कुंभारवाड्याच्या चित्रात मडकं थापणारी एक म्हातारी होती. पुढच्या साली कोष्टी गल्ली रंगवणाऱ्या पोरांनी मडकं काढून तिच्या हाताखाली झोपलेलं लेकरू दिलं. म्हातारी तीच, हात तोच, आता ती लेकरू थोपटत होती. गाव लोटलं होतं बघायला. जुन्या माणसाचं यंदा काय केलं, हीच तर खरी मजा असायची.

त्याच्यानंतर आमच्या हमाल वस्तीची पाळी आली आणि मी नेमकी तिसऱ्या वर्षाला होते. मी आईला काढलं.

"मला कशाला चितारतीस? म्हसोबावानी दिसंल मी," ती म्हणाली होती. पण मी दुसरं काय काढणार? मी शाळकरी असताना मार्केट यार्डात बायकांसाठी एक संडास बांधला होता आणि त्याला बाहेरून कुलूप. किल्ली ऑफिसात. कुणी साहेब येणार असला की उघडायचं. हळद निवडणाऱ्या बायका दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, का ते सांगायला नको. एक दिवस ऐन सौद्याच्या वेळी आई उठली आणि मोठ्या वजनकाट्याच्या पाटावर जाऊन मांडी घालून बसली. काटा अडला की यार्ड अडतं. पोती खोळंबली, गाड्या खोळंबल्या, व्यापारी ओरडायला लागले. आई डाव्या हातानं साखळी धरून बसली आणि उजवा हात पुढं केला. "किल्ली ठिवा हातावर," एवढंच म्हणत राहिली. मी पोत्यांच्या थप्पीवरून बघत होते. ऊन कलायच्या आत किल्ली तिच्या तळव्यावर आली. त्या कुलपाचं पुढं काय झालं ते देव जाणे, परत ते दाराला लागलं नाही.

तो हात मी काढला. अंगभर हळदीची धूळ, मान वर, नजर समोरच्यावर रोखलेली आणि पुढं केलेला उघडा हात. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "राजश्री, बाकी भिंत ठीक आहे. ही बाई मात्र उतरलीय." आणि वस्तीतल्या बायका वर्षभर तिकडून जाता-येता आईला चिडवायच्या, "तानाक्का, हात अवघडला असंल की गं, घे जरा खाली!" आई वरवर चिडायची. पण यार्डात जायची वाट तिनं बदलली होती. लांबून, संग्रहालयावरून जायची.

आणि आता शिवरात्र जवळ आली होती.

"ठेवतील की," मी म्हणाले. "यंदा सुहासची बॅच आहे."

"सुहासा हाय व्हय?" आईचा चेहरा उजळला. "मग काय, घरचंच पोरगं!"

सुहास डुबल माझ्यामागं एक वर्ष. लांबच्या खेड्यातून आलेला, खोलीवर एकटा राहायचा. हातात अशी रेघ की बघत राहावं. माझ्या चित्राच्या वेळी पोरानं महिनाभर माझे रंग कालवून दिले होते आणि महिनाभर आमच्या घरी जेवला होता. आई त्याच्या ताटात तिसरी भाकरी न विचारता टाकायची.

निवडीच्या दिवशी मीही भिंतीपाशी गेले. जुन्या बॅचला मत नसतं, पण उभं राहायला कोण अडवतंय? यंदा पाळी व्यापारी पेठेची होती. पेठेकडून बाबूशेठ आले होते, अडते संघाचे अध्यक्ष. पांढरीशुभ्र टोपी, बोलणं मधासारखं. सुहासची पोरं भिंतीपुढं घोळका करून उभी होती.

"तो पोतं उचललेला हमाल ठेवा की," बाबूशेठ म्हणाले. "पेठेत हमाल शोभेल. ही बाई कशाला? बसलीय नुसती."

सुहासनं माझ्याकडं बघितलं. मग तो बाबूशेठांना जरा बाजूला घेऊन गेला, खिशातून कागद काढला, पेन्सिलीनं भराभर काहीतरी काढून दाखवलं. बाबूशेठांनी कागद लांब धरून बघितला. मग भिंतीकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं. आणि हसले.

"अरे वा! हिलाच ठेवा. हात झकास आलाय हिचा."

मी आनंदानं टाळीच वाजवली. सर हसले. सुहासनं तो कागद घडी घालून खिशात टाकला. मी म्हणाले, "दाखव की मेल्या." तर म्हणाला, "आता नाही राजश्री. ताडपत्री सुटल्यावर."

तोही रिवाजच होता. भिंतीपुढं ताडपत्री लागायची आणि संग्रहालयाच्या वर्धापन दिनापर्यंत आत कुणी डोकवायचं नाही. आम्ही जुन्या पोरांनी आमची भिंत पुसली. भोवतीचं सगळं गेलं, काटा गेला, पोती गेली, सौदा गेला. पांढऱ्या भिंतीवर आई तेवढी राहिली, अधांतरी बसलेली, हात पुढं करून. मग ताडपत्री लागली.

त्या दिवसांतली आई मी कधी विसरणार नाही. वस्तीभर सांगत सुटली. गोदाक्का आमची शेजारीण, तिच्याबरोबरच हळद निवडायची. तिला म्हणाली, "गोदे, वरीसभर तू मला चिडीवलीस. आता आनि वरीसभर चिडीव." नवं जंपर शिवायला टाकलं. सुहास एकदा घरी आला तेव्हा त्याला समोर बसवून विचारलं, "माझ्याभवती काय काढतूयास रं?"

तो ताटाकडं बघत म्हणाला, "लई माणसं आहेत, तानाक्का. तुम्ही मधोमध आहात."

"मधोमध!" आई माझ्याकडं वळली. "ऐकलंस का? पेठंच्या मधोमध!"

त्यानंतर तो जेवायला आला नाही. काम आहे म्हणायचा. कामही होतंच, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वर्धापन दिनाला आईनं अडतीतल्या सगळ्या बायकांना अर्ध्या दिवसाची सुट्टी घ्यायला लावली. वस्तीच्या बायका, पोरं, दोन-चार म्हातारे हमाल असा आमचा तांडा निघाला. आईचं नवं जंपर हिरवं होतं. पेठेची मंडळी आधीच खुर्च्यांवर बसली होती. आम्ही मागं उभे राहिलो. भाषणं झाली. बाबूशेठांनी दोरी ओढली आणि ताडपत्री खाली आली.

चित्र देखणं होतं, खोटं कशाला बोलू? पेठेची कमान, हळदीचे ढीग, बैलगाड्या, दुकानांच्या पायऱ्या. मधोमध बाबूशेठांचे वडील नानाशेठ उभे, धिप्पाड, फेटा बांधलेले, चेहऱ्यावर दया. ते जरासे वाकले होते आणि त्यांच्या हातात घडीची साडी होती. आणि खाली, त्यांच्या दुकानाच्या शेवटच्या पायरीवर, माझी आई बसली होती. अंगभर धूळ, मान वर, हात पुढं पसरलेला. ती साडी बरोबर तिच्या तळव्यावर टेकत होती. वर कमानीवर अक्षरं होती, 'दानशूर पेठ'.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं.

मी डोळे फाडून बघत होते. चेहरा तोच. माझ्याच ब्रशनं काढलेला. ज्या नजरेला भरलं यार्ड दबकलं होतं ती नजर आता नानाशेठांच्या तोंडाकडं लागली होती, काहीतरी द्याल का मालक, अशी. मी काढली तेव्हा ती तशी नव्हती. पण नजरेतली एक रेघही बदललेली नव्हती.

आमच्या घोळक्यातून गोदाक्काच्या नातवानं विचारलं, "आज्जे, तानाआजी भीक मागतीया व्हय?" गोदाक्कानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मी आईकडं बघितलं. ती बघत होती. नुसतं बघत होती.

स्टेजवरून आवाज आला, "या चित्रातलं जुनं माणूस आज आपल्यात आहे! तानुबाई, वर या!" टाळ्या. बायकांनी आईला वाट करून दिली, तिला जावंच लागलं. बाबूशेठांच्या हातात साडी होती, खरी, चित्रातल्यासारखीच घडी. फोटोवाला पुढं आला. "मावशी, जरा खाली पायरीवर बसा ना. आणि हात असा पुढं, चित्रासारखा. मस्त येईल."

आईनं भिंतीवरच्या हाताकडं बघितलं. मग स्वतःचे दोन्ही हात पदराखाली घेतले.

"साडी हाय माझ्याकडं," ती म्हणाली आणि खाली उतरली. पुढच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "फार ताठा बाई या लोकांना."

सुहास भिंतीच्या टोकाला उभा होता, बोटांवरचा रंग खरवडत. मी त्याला गाठला.

"काय केलंस रे हे?"

"एक रेघ हलवली नाही," तो लगेच म्हणाला. पाठ करून ठेवल्यासारखं. "जवळ जाऊन बघ. नियम पाळलाय."

"नियम गेला खड्ड्यात! तिला भिकारीण केलीस तू!"

"हळू बोल. राजश्री, ऐकून तरी घे. त्यांना ती नकोच होती. पुसलीच असती. मी म्हणालो, ही बसते तुमच्या चित्रात. ते म्हणाले, कशी? मग मला काहीतरी दाखवावंच लागलं ना? मी वाचवली तिला."

"तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्यास की रे."

"म्हणूनच वाचवली," तो म्हणाला. आणि वाईट काय होतं, तर तो खोटं बोलत नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला त्या पाण्याचा इतका राग आला की थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. आजही वाटतं, द्यायला पाहिजे होती.

सरांना विचारलं तर सर चष्मा पुसत म्हणाले, "मला वैयक्तिकदृष्ट्या रुचलेलं नाही. पण नियमात बसतं. मडकं थापणाऱ्या म्हातारीला लेकरू दिलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्याच होत्या की." मीही वाजवल्या होत्या.

घरी आल्यावर आईनं जंपर काढून घडी घालून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून संग्रहालयाची वाट सोडून आधीच्या जवळच्या वाटेनं यार्डात जायला लागली. पण पेपरात फोटो आलाच, भिंतीचा. यार्डात दिवाणजी पगारवाटपाला बसला तर आईला म्हणतो, "तानुबाई, तुमचा हात तयारच असतो की!" सगळे हसले. तो काही वाईट माणूस नव्हता, थट्टेखोर होता. कामावर लागलेल्या नव्या पोरींना काटा माहीत नव्हता, किल्ली माहीत नव्हती. कामावर लागल्यापासून उघडाच संडास बघितलेल्या पोरी त्या. त्यातल्या एकीनं तिला विचारलं, "मावशी, त्या शेठनं तुमास्नी खरंच साडी दिलती?"

हे मला गोदाक्कानं सांगितलं. आई नुसती म्हणायची, "चाललंय." रात्रीची भाकरी अर्धी ठेवायला लागली.

"सरांना सांगून वर्षभरानं काढून टाकू," मी एकदा म्हणाले. "पुढच्या बॅचनं ठेवली नाही म्हणजे जाईल."

"आनि ठिवली म्हंजी?" आई म्हणाली. "असला हात कुठंबी बसतुया. देवळाच्या पायरीला बसंल, दवाखान्याच्या दारात बसंल."

ते खरं होतं.

मग एके दिवशी दुपारी कॉलेजात निरोप आला, ताबडतोब संग्रहालयात ये. मी धावत गेले. आई भिंतीखालच्या कट्ट्यावर बसली होती, कामावरच्याच पिवळ्या लुगड्यात. शेजारी मरीआईच्या देवळाला मारायचा चुन्याचा डबा आणि केरसुणीसारखा ब्रश. भिंतीवर तिचा उजवा हात कोपरापासून गायब होता. तिथं ओला पांढरा डाग, खाली ओघळलेला. नानाशेठ त्या डागावर साडी धरून उभे होते. गंमत म्हणजे वॉचमनला वाटलं, कॉलेजनंच बाई पाठवलीय. त्यानं स्वतः आतून स्टूल आणून दिलं होतं.

तासाभरात सगळे जमले. सर, बाबूशेठ, सुहास, पेठेतले आणखी दोघंतिघं. आई उठली नाही.

"तानुबाई," सर म्हणाले, "ही कलाकृती आहे. तुम्ही असं करायला नको होतं."

"हात माझा हाय न्हवं, सर?"

"चित्रातला हात तुमचा नसतो. तो भिंतीचा असतो."

"भिंतीनं कवा हळद निवडली?" आई म्हणाली. सरांनी मान खाली घातली.

बाबूशेठ मोठ्या मनानं म्हणाले, "जाऊ द्या सर, पोलिसात वगैरे काही जायचं नाही. बाई आपलीच आहे. काय सुहास, नीट होईल ना?"

"तासाभराचं काम आहे," सुहास म्हणाला. मग आईपुढं उकिडवा बसला. "तानाक्का, मी हात परत काढतो. होता तसाच. राजश्रीनं काढला तसाच."

"काढ की." आईनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. "ती साडी पुसून तिथं किल्ली काढशील? मला काट्यावर बसीवशील?"

सुहास बाबूशेठांकडं बघायला लागला.

"किल्ली?" बाबूशेठ म्हणाले. "कसली किल्ली?"

मी त्यांचा चेहरा निरखत होते. त्या दिवशी काट्यापुढं खोळंबलेल्यांत ते होते, ऐन तिशीतले, सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारे. मी पोत्यांवरून बघितलं होतं त्यांना. पण आता ते सोंग करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आई त्यांच्याकडं बघत होती, आणि मला वाटतं तिलाही ते कळलं. सोंग असतं तर भांडली असती ती.

"कुनाला काय ठावंच न्हाई गं, राजे," ती हळूच मला म्हणाली. मग सरांकडं वळली. "मला पुसा. सगळी."

"अहो पण मोडलेला हात दुरुस्त होतोय..."

"पुसा म्हनते न्हवं!"

सरांनी भिंतीवरच्या ओल्या डागाकडं बघितलं. मग म्हणाले, "जुन्या माणसाला हात लागला तर ते जुनं माणूस राहत नाही. नियमच आहे. बाबूशेठ, काढावं लागेल."

"काढा की," बाबूशेठ म्हणाले. त्यांना काहीच फरक पडत नव्हता. "नानांपुढं कुणीतरी पाहिजे म्हणजे झालं. सुहास, दुसरी बाई बसवता येईल ना तिथं?"

"हो," सुहास म्हणाला. "मनानं काढीन."

"कधीपर्यंत?"

"चुना वाळला की लगेच."

सर माझ्याकडं वळले. त्यांना सांगायची गरज नव्हती. ज्यानं काढलं त्यानं पुसायचं. मी डबा उचलला. चुना आईनंच कालवलेला, दाट, गाठी न ठेवता. मी स्टुलावर चढले आणि पायांपासून सुरुवात केली. वर जायला जीव होत नव्हता. लुगडं पुसलं, मांडी पुसली, राहिलेला डावा हात पुसला. बाबूशेठ आणि पेठेची माणसं निघून गेली. सुहास गेला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला, कानावर पेन्सिल खोचून, चुना वाळायची वाट बघत.

चेहऱ्यापाशी आल्यावर माझा हात थांबला. महिनाभर खपले होते मी त्या चेहऱ्यावर. मागं वळून बघितलं. आई रस्ता ओलांडून पलीकडं उभी होती, चित्र बघायला लोक उभे राहतात तिथं.

"आई, घरी जा तू," मी ओरडले. "मी येते उरकून."

"तू मार," ती म्हणाली.

मी एक हात मारला. कपाळ गेलं, नाक गेलं, तोंड गेलं. दुसरा मारला. मला भिंत दिसत नव्हती, नुसतं पांढरं दिसत होतं आणि ब्रशवरून मनगटापर्यंत ओघळ येत होते.

"झालं," मी म्हणाले आणि खाली उतरायला लागले.

"झालं न्हाई," आई पलीकडून म्हणाली. "डोळ्यांवर आनि एक हात मार. अजून दिसत्यात."